ही भेट पाठवता येत नाही

पाचव्यांदा तीच ओळ स्क्रीनवर आली आणि त्याने माऊस टेबलावर आपटला. माऊसचा तसा काही दोष नव्हता. मुलगी कॉलेजात असताना घेतलेला आणि तिच्या लग्नानंतर कॉम्प्युटरसकट बापाच्या वाट्याला आलेला तो एक गरीब जीव होता. ओळीखाली बारीक अक्षरांत कारण दिलं होतं. ज्यांना भेट पाठवत आहात त्यांचं खातं दुसऱ्या देशातलं आहे, तिथे या खेळाची किंमत बरीच जास्त आहे, म्हणून इथे विकत घेतलेला खेळ तिकडे भेट देता येणार नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

"कसलं डोंबलाचं सहकार्य," तो म्हणाला.

बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. "परत आली का भेट?"

"आली."

"अहो, लोक वैऱ्याला शिव्या देतात, फार तर कोर्टात खेचतात. तुम्ही खेळणी पाठवताय."

"खेळणं नाहीये ते."

"मग काय आहे?"

"काय आहे ते त्याला बरोबर कळेल. पोचू तर दे."

बायकोने पुढे विचारलं नाही. गेल्या अकरा वर्षांत तिने या माणसाची बरीच खूळं पाहिली होती. वकील झाले, माहितीचे अर्ज झाले, साहेबांच्या दारात बसणं झालं. त्यापेक्षा खुर्चीत बसून माऊस आपटणं परवडलं.

गोदीत एके काळी त्याला वरचा म्हणत. तो क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून सात मजले वर. आणि त्याचा जोडीदार खालचा. खालचा जहाजाच्या डेकवर उभा राहून हाताने इशारे करायचा. वर बसलेल्याला जहाजाच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे खालच्याचा हात. हाताने 'खाली' म्हटलं की भार खाली सोडायचा, 'थांब' म्हटलं की जिथल्या तिथे थांबवायचा. हात दिसेनासा झाला तर भोंगा वाजवायचा आणि हात पुन्हा दिसेपर्यंत भार अधांतरी धरून बसायचं. नियम एवढाच. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला.

पण नऊ वर्षं एकत्र काम केल्यावर कोण भिंत वाचतं? आणि गोदीत एक रीत होती, ती कुठल्याच भिंतीवर लिहिलेली नव्हती: आपल्या जोडीदारावर कुणी भोंगा वाजवत नसे. भोंगा नवशिक्यांसाठी. नऊ वर्षांच्या जोडीदाराला भोंगा देणं म्हणजे चार लोकांत त्याला आंधळा म्हणणं. या दोघांत तर भोंगा एकदाही वाजला नव्हता. पाळी संपली की दोघं खालच्याच्या घरी जाऊन कॉम्प्युटरवर ट्रक पळवायचे, एकमेकांना खड्ड्यात घालायचे आणि हसून हसून बेजार व्हायचे. हा खेळांचा नाद खालच्याचा. खेळांच्या ऑनलाइन दुकानात त्यानेच याचं खातं उघडून दिलं होतं.

मग तो दिवस आला. लोखंडी पाइपांची मोळी जहाजाच्या पोटात उतरत होती. खाली एक हमाल पुढे सरकला आणि मोळी त्याच्या पायावर बसली. माणूस वाचला, पण घोटा गेला. चौकशीत खालच्याने सांगितलं, "मी कठड्याशी उभा होतो. स्पष्ट थांबचा हात केला. ऑपरेटरने भार सोडला." वरच्याने सांगितलं, "हात झालाच नाही." कठड्याशी उभा माणूस केबिनमधून लख्ख दिसतो, हे चौकशीवाल्यांना माहीत होतं. मग कागदावर ओळ आली: ऑपरेटरने इशारा पाहूनही दुर्लक्ष केले. वरच्याचं लायसन्स गेलं आणि त्याची बदली फाटकाजवळच्या वजनकाट्यावर झाली. ट्रक आला, वजन केलं, पावती फाडली. खालचा चार महिन्यांत परदेशी गेला, आणि तिथे क्रेनच्या केबिनमध्ये बसला. लोक मात्र काट्यावरच्या माणसाला अजून वरचा म्हणत. आधी सवयीने म्हणत, नंतर गंमत म्हणून.

खरं काय झालं ते त्याला दोन वर्षांनी कळलं, त्याच घोटा गेलेल्या हमालाकडून. खालचा कठड्याशी नव्हताच. ऊन मी म्हणत होतं, म्हणून तो डेकवर उभ्या रचलेल्या, जहाजाच्या पोटावरच्या लोखंडी झाकणांच्या सावलीत जाऊन उभा राहिला होता. तिथून तो खालचं सगळं बघत होता. थांबचा हातही त्याने केला होता. पण त्या सावलीतला हात वरून देवालाही दिसला नसता. हमाल म्हणाला, "मला तेव्हा कुणी विचारलंच नाही. मी इस्पितळात होतो."

तेव्हापासून वरच्याला एकच गोष्ट हवी होती. सर्व्हिस बुकातली ती ओळ जायला हवी होती, आणि ती खालच्याने स्वतःच्या हाताने पुसायला हवी होती. आता निवृत्तीला आठ महिने उरले होते. ओळ अजून तिथेच होती.

खेळाची जाहिरात त्याला मोबाइलवर दिसली. बंदरावरच्या क्रेनचा खेळ. केबिन, वारा, जहाज, सगळं हुबेहूब. वर स्वतःची लेव्हल बांधायची सोय. त्याने तो घेतला आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून बसून तीन महिने एकच लेव्हल बांधली. तोच धक्का, तेच जहाज, तेच अकरा वाजताचं ऊन. झाकणं सहा होती, सहाच ठेवली. आणि त्यांच्या सावलीत एक इशारेवाला उभा केला. नियम एकच: आत माणूस पुढे आला की इशारेवाला थांबचा हात करणार. खेळणारा केबिनमध्ये. त्याला हात दिसणार नाही. तो भार सोडणार आणि घोटा जाणार. लेव्हलला नाव दिलं, 'सावली'.

ही लेव्हल खालच्यासाठी होती. बस बाबा माझ्या खुर्चीत, आणि तूच सांग तुझा हात दिसतो का.

एकच अडचण आली. लेव्हल दुसऱ्याला द्यायची तर बांधणाऱ्याने ती आधी स्वतः पार करून दाखवायची, असा खेळाचा नियम होता. न सुटणारी कोडी कुणी लोकांच्या माथी मारू नयेत म्हणून. वरचा हसला, आपल्याच क्रेनवर बसला आणि हमालाचा घोटा मोडला. पुन्हा मोडला. अकराव्या खेपेला वैतागून त्याने भार अधांतरी थांबवला आणि सहज एक बटण दाबलं. भोंगा वाजला. सावलीतला इशारेवाला चालत कठड्याशी आला आणि त्याने हात दाखवला. हे त्याने बांधलेलं नव्हतं, ते खेळातच होतं. भोंगा वाजला की इशारेवाला दिसेल अशा जागी येतो. चार मिनिटं बारा सेकंदांत लेव्हल पार झाली. स्क्रीनवर फटाके उडाले.

त्याने स्क्रीन बंद केली. मग उठला, पाणी प्यायला आणि स्वतःला म्हणाला, खेळ वेगळा आणि गोदी वेगळी. त्यानंतर त्या चार मिनिटं बारा सेकंदांचा विचार त्याने कटाक्षाने टाळला.

आता खालच्यापर्यंत खेळ पोचवायचा. दुकानाच्या यादीत दोघं अजून एकमेकांचे मित्र होते. अकरा वर्षांत ना याने त्याचं नाव काढलं, ना त्याने याचं. नाव राखाडी असलं की समजायचं, खालचा कामावर असेल. हिरवं झालं की समजायचं, सुखात खेळतोय लेकाचा. ते हिरवं नाव बघून याच्या छातीत काय व्हायचं ते याचं यालाच ठाऊक.

'तूच विकत घे' असं लिहिणं शक्य नव्हतं. ज्याचा केसाने गळा कापायचा त्यालाच केस विकत आणायला कसं सांगणार? भेटच हवी होती. गोड चिठ्ठीसकट: 'जुन्या दिवसांसाठी.' आणि तिथेच ती ओळ आडवी आली. त्याने दुसरं कार्ड वापरून पाहिलं. दुसरीकडून कोड विकत आणला, तर कोडही याच देशापुरता निघाला. शेवटी दुकानाच्या मदत विभागाशी चॅट केलं.

"मित्राला भेट द्यायची आहे," त्याने लिहिलं.

"आपली भावना आम्ही समजू शकतो," उत्तर आलं.

तो एकटाच मोठ्याने हसला. याची भावना समजली असती तर पलीकडच्याने पोलीस बोलावले असते.

"तो मित्र तुमच्या देशात राहायला आला, त्याने तिथलं कार्ड वापरून काही खरेदी केली, की खात्याचा देश बदलेल. मग भेट पाठवता येईल."

"तो कशाला येतोय इथे," वरच्याने लिहिलं आणि खिडकी बंद केली.

तरी दर रविवारी जेवण झालं की तो एकदा बटण दाबायचा. सवय म्हणा, हट्ट म्हणा. सहावी खेप गेली, सातवी गेली. आठव्या खेपेला बटण दाबून तो शिवी द्यायच्या तयारीत बसला होता आणि स्क्रीनवर वेगळंच काही आलं. भेट पाठवली.

तो उठून उभा राहिला. पुन्हा बसला. पुन्हा वाचलं.

"अगं," त्याने हाक मारली. "गेली."

"काय गेलं?"

"भेट गेली! म्हणजे तो इथे आहे. तो परत आलाय!"

दुसऱ्या दिवशी त्याने टाकीवाल्याला गाठलं. टाकीवाला म्हणजे गोदीच्या डिझेल पंपावरचा माणूस. गाड्यांत डिझेल आणि कानांत बातम्या भरणं ही त्याची दोन कामं.

"आला ना," टाकीवाला म्हणाला. "दोन महिने झाले. तुला कोण सांगणार? तुझ्यासमोर त्याचं नाव काढायची भीती वाटते लोकांना."

"सुट्टीवर आलाय?"

"कसली सुट्टी! हाकललं त्याला. तिकडच्या क्रेनवर आता माणूस बसत नाही म्हणे. सगळे एका खोलीत बसतात, समोर स्क्रीन, हातात दांडी, आणि क्रेन तिकडे धक्क्यावर एकटी चालते. याला जमेना. केबिनमध्ये वाघ होता, स्क्रीनवर त्याला अंतरच कळेना. तीनदा परीक्षा घेतली, तीनदा नापास. मग दिलं तिकीट हातात. कुणाला भेटत नाही. दिवसभर घरात बसून असतो."

वरच्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या, हे सांगायला हवं. चांगल्या माणसाला वाईट वाटलं असतं. त्याला वाटलं नाही. जो माणूस स्क्रीनवरच्या क्रेनपायी देशोधडीला लागला, त्याच्या घरी आपण नेमकी स्क्रीनवरची क्रेन पाठवली. इतकं नेमकं तर ठरवूनही जमलं नसतं.

भेट तिसऱ्या दिवशी स्वीकारली गेली. चौथ्या दिवशी सकाळी दहाला खालच्याचं नाव हिरवं झालं आणि त्यासमोर 'सावली' असं उमटलं. लेव्हल किती वेळा खेळली गेली तो आकडा बांधणाऱ्याला दिसतो. वरच्याने काट्यावर मोबाइल उघडा ठेवला. सहा खेपा, सहाही नापास. दुपारी एकोणीस. दुसऱ्या दिवशी चाळीस.

"गाडी हलवू का साहेब?" ट्रकवाला बाहेर हॉर्न मारून थकला होता.

"हलव, हलव. आज सगळे हलवा."

त्या आठवड्यात त्याला भूक लागायला लागली. बायको म्हणाली, "हल्ली जेवता बाई तुम्ही. काय झालंय?"

"चाळीसदा मोडला त्याने घोटा," तो म्हणाला, आणि वर भात मागितला.

बायकोने भात वाढला. मग उभ्या उभ्याच म्हणाली, "तुम्हाला कितीदा मोडावा लागला होता?"

"दहा."

"आणि मग?"

त्याने ताक मागितलं.

आकडा चढत राहिला. बावन्न. त्रेसष्ट. बहात्तरावर एक दिवस थांबला. वरच्याला वाटलं, सोडलं त्याने. जरा हळहळही वाटली. आणि गुरुवारी सकाळी साडेदहाला, एक रिकामा ट्रक काट्यावर उभा असताना, आकडा त्र्याहत्तर झाला आणि त्याखाली हिरवी पट्टी आली. पार. वेळ, चार मिनिटं एकोणीस सेकंद.

लेव्हल पार करणाऱ्यांच्या यादीत दोनच नावं होती, एकाखाली एक. वरचा, खालचा.

त्याला कळलं, आता खालच्यालाही कळलं आहे. नुसतं सावलीचं नाही. भोंग्याचंही.

शुक्रवारी दुपारी खालचा फाटकातून चालत आला. केस पांढरे, शर्ट इस्त्रीचा, हातात प्लॅस्टिकची फाइल. काट्याच्या खिडकीसमोर दहा पावलांवर तो थांबला, अगदी उन्हात. डावीकडे शेड होती, तिथे ट्रकवाले बिड्या ओढत बसले होते. तिकडे तो गेला नाही. त्याने हात वर केला. रामराम नव्हता तो. 'थांब'चा हात होता, कोपरातून सरळ, बोटं मिटून, जसा डेकवर करायचा.

वरच्याने पाहिला. पाहून शांतपणे पुढचा ट्रक काट्यावर घेतला.

एक ट्रक झाला, दोन झाले. प्रत्येक ट्रक खिडकीसमोरून जाताना पलीकडचा माणूस दिसेनासा व्हायचा आणि ट्रक गेला की तिथेच असायचा. सात ट्रक झाले. पाऊण तास होऊन गेला. खालच्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. उभा राहा, वरच्याने मनात म्हटलं. अकरा वर्षं बसलोय मी इथे. तू तासभर उभा राहा.

आठव्या ट्रकला त्याने लाल दिवा लावला आणि खिडकीची काच सरकवली.

खालचा पुढे आला. "कसा आहेस?"

"काम बोल."

त्याने फाइलमधून कागद काढून खिडकीतून आत दिला. स्वच्छ अक्षरांत अर्ज होता, गोदीच्या मोठ्या साहेबांच्या नावे. 'त्या दिवशी मी थांबण्याचा इशारा केलाच नाही. चौकशीत मी खोटे सांगितले. सर्व चूक माझी आहे. ऑपरेटरचा काहीही दोष नाही.' खाली सही, आणि सहीखाली तारीख.

अकरा वर्षं हाच कागद हवा होता. वकिलांकडे, साहेबांकडे, देवाकडे मागून झाला होता. वरच्याने तो दोनदा वाचला. मग कागद टेबलावर ठेवला.

"हात केला होतास की नव्हता?"

"आता ते कशाला..."

"केला होतास का?"

"केला होता," खालचा म्हणाला. "सावलीतून. तुला दिसणं शक्यच नव्हतं. त्र्याहत्तरदा बसलो मी तुझ्या जागी."

"मग हे काय लिहिलंस? केलाच नाही म्हणून?"

"तुझं नाव पूर्ण स्वच्छ होईल म्हणून. माझं आता काय राहिलंय जायचं? घे रे. माझ्याकडून भेट समज."

वरच्याने कागद उचलला आणि खिडकीतून परत बाहेर धरला.

"ही भेट घेता येत नाही," तो म्हणाला. "तेव्हा एक खोटं बोलून मला खाली आणलंस. आता दुसरं बोलून वर चढवणार? उपकार करायला आलास माझ्यावर?"

"अरे, पण..."

"खरं लिही. कठड्याशी नव्हतो, सावलीत होतो. हात केला, त्याला दिसला नाही. कठड्याशी होतो असं खोटं सांगितलं, कारण सावलीत उभं राहिल्याची लाज वाटत होती. एकेक शब्द लिही. आणि खाली दोन ओळी जागा सोड."

"कशाला?"

"माझ्यासाठी." त्याचा आवाज चढला होता, शेडमधले ट्रकवाले वळून बघायला लागले. "हात दिसत नव्हता, तरी मी भार सोडला. भोंगा वाजवला नाही. हे मी लिहीन. माझ्या हाताने. तुझ्या दयेवर मी वर जाणार नाही. आणि तूही एकट्याने सगळं ओढून घेऊन मोठा होऊ नकोस. तेवढंही मी तुला देणार नाही."

खालच्याने मान खाली घातली. मग वर केली. "वाजवला असतास तर मला राग आला असता," तो म्हणाला. "तेव्हा."

"माहितीये. म्हणूनच नाही वाजवला."

मागे ट्रकांची रांग लागली होती, हॉर्न सुरू झाले होते. वरच्याने कोरा कागद आणि दोरीने बांधलेलं पेन खिडकीच्या फळीवर ठेवलं. केबिनमध्ये दुसरी खुर्ची होती, भिंतीला टेकवून ठेवलेली. ती त्याने दिली नाही.

खालच्याने फाइल फळीवर ठेवली, तिच्यावर कागद ठेवला आणि उभ्यानेच लिहायला लागला. सावकाश लिहीत होता. एक शब्द खोडला, पुन्हा लिहिला. वरचा काचेआडून बघत होता. लाल दिवा त्याने तसाच ठेवला होता.

सूर्य कलला तशी काट्याच्या केबिनची सावली बाहेर सरकत सरकत खालच्याच्या पायांशी आली. त्याने लिहिता लिहिता खाली पाहिलं. मग फाइल आणि कागद उचलून, पेनची दोरी ताणेल तेवढा तो बाजूला झाला, आणि उन्हात उभा राहून लिहीत राहिला.